मुळाची टोपली

वेणूबाय, माझी बहीण, गेली त्याला आता चार महिने होतील. त्याआधी या वहीत मी बरंच काही लिहून ठेवलं होतं. पोशीरचं घर, शाळेची वाट, बाबांचा हट्टी स्वभाव, पहिली मास्तरकी. मधली दोन-तीन वर्षं मात्र ओलांडून पुढे गेलो होतो. बहीण वाचेल अशी भीती नव्हती, तिला सही करण्यापलीकडे अक्षर येत नव्हतं. मलाच ती पानं नको होती. आता आई नाही, बाबा नाहीत, बायही नाही, आणि तेव्हा खरं काय झालं ते जाणणारा मी एकटा उरलोय. मी गेलो की ते कुणालाच माहीत नसेल, या विचाराने सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

शिमग्याच्या आधीचे आठ-पंधरा दिवस आमच्या घरात मुसळाचा आवाज थांबत नसे. आमचं घर कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं, त्यामुळे अंगणात कुणी नव्या भाताचे पोहे कांडू लागलं की भिंतीला पाठ टेकून बसलेल्याच्या पाठीतही ते धपधप उमटे. माझी पाठ बहुधा भिंतीलाच टेकलेली असे आणि मांडीवर पुस्तक असे. खळ्यावर भात झोडून झालेलं, शेतात वाल काढून झालेले, दुपारची ऊन-सावली लख्ख. आई तांदळाच्या फेण्या उकडून जुन्या लुगड्यावर वाळत घाली आणि कावळे राखायचं काम मला सांगे. मी एक पान वाचायचो आणि एकदा हात हलवायचो. कावळ्यांना हे गणित लवकर कळलं होतं.

त्या वर्षी बायच्या लग्नानंतरचा पहिला शिमगा होता. तिला दिली होती खालापुराकडे, चौकच्या पुढे, पाताळगंगेच्या काठच्या एका गावात. दिवाळीला आली होती ती तेवढीच. आता शिमग्याला तिला आणायचं, म्हणजे मूळ धाडायचं, आणि मुराळी म्हणून जायचं मी. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो, घरातला एकुलता एक मुलगा, बाबांना वाल झोडायचे असल्याने खळ्यावरून हलता येत नव्हतं. आमच्याकडची मुळाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. मुराळी सासरच्या दारात जाऊन तोंडाने काही मागत नाही. माहेराहून आणलेली टोपली तो ओटीवर ठेवतो आणि पाणी पितो. सासू टोपलीवरचं फडकं सोडते, आतलं पसा-पसा शेजारच्या घरांत वाटते. वाटलं की मूळ घेतलं. मग लेकीला धाडायचा दिवस ठरतो. टोपली नसेल तर आलेला माणूस नुसता पाहुणा. जेवावं, गप्पा माराव्यात, निघावं. त्याने लेकीचं नाव काढणं म्हणजे सासरच्यांचा अपमान आणि माहेरची लाज.

टोपली आईने चार दिवस भरली. खाली पोहे, त्यावर फेण्या, एका पुडीत गूळ, एक खण, कर्जतच्या बाजारातून आणलेले सुके बोंबील आणि कडवे वाल. बायला वालाचं बिरडं जीव की प्राण होतं. आई सुपात वाल घेऊन बोटांनी निवडत बसली होती. तिच्या उजव्या डोळ्यासमोर तेव्हा धूर येऊ लागला होता. कर्जतच्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा जाईल आणि मागोमाग डावाही जाईल. बाबांनी ते तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. सूप माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, “दामू, खडे राह्यलेत का बघ रं. मला नीट दिसत नाय.” मी पुस्तकातून डोळे न उचलता सुपातून एकदा हात फिरवला आणि म्हटलं, “नायत.” मग ती टोपली बांधता बांधता, जणू फडक्याशीच बोलावं तसं म्हणाली, “हा डावा डोळा हाय तोवर एकदा पोरीला नीट बघते. मग काय व्हायचं ते होऊ दे.” फडकं बायच्याच जुन्या परकराचं होतं, हिरव्या चौकटीचं. लग्नाआधी तिनेच त्याला कडा घालून घेतल्या होत्या.

मांडीवर पुस्तक होतं म्हणालो, ती एक कादंबरी होती. बायच्या लग्नात तिच्या धाकट्या दिराने, मधूने, ती मला वाचायला दिली होती. मधू रसायनीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये होता. टेरिकॉटची पँट, खिशाला पेन, बोलण्यात शुद्ध भाषा. लग्नाच्या गर्दीत त्याने मला विचारलं होतं, “काय वाचता तुम्ही?” मला अहोजाहो करणारा तो पहिला माणूस. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्याच्याशीच बोलत असे. मूळ घेऊन जायला मी आनंदाने तयार झालो तो बायसाठी नव्हे. एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

कर्जतला एस.टी. बदलून चौकच्या गाडीत बसलो. टोपली मांडीवर. दहिवली मागे पडली नाही तोच ऊन खिडकीतून आत आलं आणि बोंबील तापले. समोरच्या बाकावर कॉलेजला जाणाऱ्या दोन मुली होत्या, त्यांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग ओढणी नाकाला लावली. मागून एक म्हातारा म्हणाला, “कोणाचं जेवान चाललंय रं पोरा? आमाला पन बोलाव.” गाडी हसली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, “बोंबलाचं अर्धं तिकीट काढ.” त्यात वाईट काही नव्हतं. त्या गाडीतल्या निम्म्या लोकांच्या घरी त्या दिवशी तेच शिजलं असणार. पण मी सतरा वर्षांचा होतो आणि माझ्या खिशात मधूला दाखवायला लिहून आणलेलं चार पानांचं टिपण होतं. त्या पानांनाही वास लागेल, असं मला वाटत राहिलं.

चौकला उतरून तासभर चाललो. गावाच्या अलीकडे वाट नदीवरून वर चढते, तिथून बायच्या सासरचं घर दिसतं. ओटीवर मधू बसला होता, आणि त्याच्यासोबत कारखान्यातले दोघे मित्र, पायांत बूट, हातात वर्तमानपत्र. मी थांबलो. वाटेच्या कडेला करवंदीची मोठी जाळी होती. मी टोपली तिच्या आत, सावलीत सरकवली. संध्याकाळी हे लोक गेले की घेऊन येऊ, असं ठरवलं होतं. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही, तेव्हा खरंच तसं ठरवलं होतं. नदीवर हात धुतले, दोनदा धुतले, हुंगून पाहिले आणि वर चढलो.

बायची सासू दारात आली. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्यामागे वाटेकडे. मागून अजून कुणी येतंय का, असं. मग तिनेच सोडवणूक केल्यासारखं विचारलं, “साळंच्या कामाला आलावतास व्हय इकडं?” मी म्हणालो, “हो. चौकला काम होतं.” बाय पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनेही माझ्या हातांकडे पाहिलं. तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. मी पाणी प्यायला वाकलो तेव्हा आतल्या खोलीत तिची ट्रंक दिसली. वर घडी घातलेलं नवं लुगडं ठेवलं होतं.

त्या दुपारी ओटीवर काय बोलणं झालं ते मला आजही बरंचसं पाठ आहे आणि ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मधूने मित्रांना माझी ओळख करून दिली, कादंबरीचा विषय काढला, आणि गाडी प्रेमावर आली. खरं प्रेम म्हणजे काय. एक मित्र म्हणाला, सहवास. दुसरा म्हणाला, ती सगळी शरीराची रसायनं, आणि ते हसले. मधूने मला विचारलं, “तुमचं काय मत?” मी खिशातली पानं काढली नाहीत, गरज पडली नाही. मी त्यागावर बोललो. दुसऱ्यासाठी आपली प्रिय गोष्ट सोडता येणं म्हणजे प्रेम, आणि तेही त्याला कळू न देता, असं मी म्हणालो. दहा-पंधरा मिनिटं बोललो असेन. मधू म्हणाला, “वा.” आत जातं फिरत होतं ते मधेच थांबलं होतं. मला वाटलं, दळण संपलं.

संध्याकाळी मित्र गेले, पण मधू मला सोडेना. कारखान्याचा रस्ता दाखवला, नदी दाखवली, रात्री जेवताना ताट शेजारी घेतलं. दाजी, म्हणजे बायचे यजमान, दोन दिवस बैल पाहायला गेले होते. सकाळी उजाडताच मी जाळीपाशी गेलो. टोपली नव्हती. मुंग्यांची एक रांग तेवढी होती, सांडलेल्या गुळाची. मी बराच वेळ काटे बाजूला करून शोधत राहिलो. हात ओरबाडले. मग परत येऊन म्हणालो, निघतो.

बाय मला पांदीपर्यंत सोडायला आली. डोक्यावर पदर, कडेवर रिकामी कळशी, पाण्याच्या निमित्ताने. थोडं चालल्यावर म्हणाली, “आईचा डोळा कसा हाय रं?”

“बरा हाय,” मी म्हणालो.

“आईनं काय सांगून धाडलंय का मला?”

जाळी तिथून वीस पावलांवर होती. मी सांगू शकलो असतो. ती सासूला काहीतरी सांगून निभावून नेती, तेवढी ती हुशार होती. मी म्हणालो, “नाय. मी असाच आलोवतो.”

“बरं,” ती म्हणाली. कळशी या कडेवरून त्या कडेवर घेतली आणि वळली.

घरी आई अंगणातच उभी होती. वाटेवरून एकच माणूस येतोय हे तिला तेवढ्या उरल्या डोळ्यानेही दिसलं असणार, तरी तिने माझ्या मागे पाहिलं. मी म्हणालो, त्यांनी नाही धाडलं. काम आहे म्हणाले. आईने विचारलं, टोपली उघडली का. मी म्हटलं, उघडली. वाटली का. वाटली. ही दोन उत्तरं देताना मला नुसतं माझ्यापुरतं निसटायचं होतं. त्यांचा अर्थ काय होतो ते बाबांचा चेहरा पाहिल्यावर कळलं. मूळ घ्यायचं, गावात वाटायचं आणि लेक धाडायची नाही, असं आमच्याकडे कधी कुणी ऐकलं नव्हतं. बाबांनी हातातली दोरी खाली टाकली. “टोपली खाल्ली आन् पोर नाय धाडली. आता त्यांची टोपली माज्या दारात येत नाय तोवर या घरातून मूळ जायाचं नाय.” आई वाळत घातलेल्या फेण्या गोळा करू लागली. बायसाठी मागे ठेवल्या होत्या त्या.

मग दोन शिमगे गेले. तिकडे त्यांना वाटत होतं, माहेरच्यांनी पोरीला टाकली, साधं मूळ धाडलं नाही. इकडे आम्हाला वाटत होतं, आमचा अपमान झाला. एका लग्नात बाबा आणि दाजी समोरासमोर आले आणि दोघांनी मान फिरवली. मी मॅट्रिक झालो, कर्जतला नोकरी करत पुढे शिकू लागलो. आईचा उजवा डोळा गेला, मग डावा. नजरेच्या शेवटच्या महिन्यांत ती उन्हात बसून तोंड वर करायची. मी विचारलं तर म्हणायची, एवढं पिवळं पिवळं अजून दिसतंय. मी कधीही उठून चौकची एस.टी. पकडू शकत होतो. दीड-दोन तासांची वाट. रोज पकडू शकत होतो. मी आईला पेपर वाचून दाखवायचो, तिचा हात धरून अंगणात न्यायचो, आणि गावातले लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा.

शेवटी काकांनी बाबांना न विचारता तिकडे निरोप दिला की आई आंधळी झाली. तिसऱ्या दिवशी बाय आणि दाजी आले. मूळ नाही, काही नाही. माघ महिना होता, अंगणात वालाच्या शेंगांचा ढीग होता. बाय सरळ आईपाशी जाऊन बसली. आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी, परत कपाळ, आणि म्हणाली, “हडकलीस गं.” दुसरं काही नाही. बाबा मात्र ओटीवरून उठले आणि दाजींना म्हणाले, “तीन वर्सं व्हत आली. टोपली खाऊन पोर आडवलीत. आता काय बघायला आनलीत तिला?”

दाजी गोंधळले. म्हणाले, “कसली टोपली?”

मी पाण्याचा हंडा घेऊन आत येत होतो, तिथेच उभा राहिलो. मला आठवतं, हंडा डचमळत होता आणि माझ्या पायांवर पाणी पडत होतं. त्या क्षणी मला वाटलं, आता संपलं, आणि त्यात थोडी सुटकाही होती. पण बाय बोलली. मान वर न करता, आईचा हात तसाच आपल्या तोंडावर ठेवून.

“ह्यांना नाय ठावं. हे गावात नव्हते तवा. टोपली मीच सोडली, मीच वाटली. सासूबाय जा म्हनत होत्या. मीच म्हटलं, नाय जायाचं.”

आईचा हात तिच्या गालावर थांबला. “तुला यावंसं वाटलं नाय?”

“नाय,” बाय म्हणाली.

बाबा तिच्याशी त्या मुक्कामात एक शब्द बोलले नाहीत. दाजींनी मला पुढे आयुष्यात कधी काही विचारलं नाही. तिने त्यांना काय सांगितलं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात आम्ही दोघं शेंगा सोलत बसलो होतो. आई आत पडली होती. बायच हळूच बोलू लागली, शेंगांकडे पाहत. मी परत निघालो त्याच दिवशी एक कातकरीण नदीचे मासे घेऊन दारात आली होती. मासे एका नव्या टोपलीत होते, वर हिरव्या चौकटीचं फडकं. बायने कडा ओळखल्या. बाईला विचारलं, कुठे मिळालं. पायलीभर तांदूळ देऊन तिने फडकं घेतलं आणि पेटीत तळाशी ठेवलं.

“मग सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“कोनाला? सासूला सांगते तर तुजी लाज जाती. मधूभाऊजी तुला येवढं मानतात. हितं निरोप धाडते तर बाबांनी तुला फोडला असता.” तिने एक शेंग सोलली. “मला वाटलं, तूच येशील रं परत. पयल्या शिमग्याला वाटलं. मग दुसऱ्या.”

शेंगांच्या ढिगावर माझे हात तसेच पडले होते. तिने माझ्या पुढ्यातल्या शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि सोलू लागली.

“त्या दिवशी ओटीवर लई छान बोललास,” ती म्हणाली. “मी जातं थांबवून आयकत व्हते. मनात म्हटलं, माजा भाव किती शिकला.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधत होतो. या वयातही कधी कधी ते वाक्य मनात घोळवून त्यात कुठे बोच सापडते का ते पाहतो. बोच असती तर मला ते सोसायला सोपं गेलं असतं.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. बाय दरवर्षी यायची, बाबाही हळूहळू निवळले. माझ्याजवळ अकरा वर्षं होती. खरं सांगावं असं रोज नाही, पण पुष्कळदा वाटे. मग मी स्वतःला समजावायचो, आता कशाला, म्हातारीला दुखवायचं कशाला, बायने एवढं झाकलंय ते आपण कशाला उघडं करायचं. या गप्प बसण्याला मी प्रेम हेच नाव दिलं होतं. पुढे वर्गात मुलांना मी प्रेमावरच्या कविता शिकवल्या, बऱ्या शिकवल्या असं लोक म्हणतात. प्रेम म्हणजे काय हे मला अजून सांगता येणार नाही. मी एवढंच सांगू शकतो की ते माझ्या बाजूने एकदा वीस पावलांवर होतं आणि मी चाललो नाही. बायने ते जवळजवळ तीन वर्षं पेटीच्या तळाशी ठेवलं आणि मग आईचा हात गालावर असताना त्याच्यासाठी खोटं बोलली. ते खोटं माझ्या त्यागावरच्या भाषणाबरहुकूम होतं. भाषण करणाऱ्याने ते नुसतं घेतलं.

त्या खोट्याची किंमत आईने दिली, हे आम्हा दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. निदान माझ्या. लेकीला यावंसं वाटलं नाही, हे आईने ऐकलं आणि मानलं. तिने बायला कधी बोल लावला नाही. तिने चूक आपल्या टोपलीत शोधली. दर शिमग्याला, बायची टोपली भरताना, ती सूप मांडीवर घेऊन वाल चाचपत बसायची, आणि बाय अजून आलेली नसायची, घरात मीच असायचो. फेण्या कमी पडल्या असतील का, ती म्हणायची. गूळ काळा होता. खण बरा नव्हता. शेवटच्या शिमग्यालाही तिने वालांत बोटं फिरवत मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली.

“दामू,” ती म्हणाली, “त्या वर्साला वालात खडे राह्यले व्हते का रं?”

“नाय आई,” मी म्हणालो. “मी बघितले व्हते.”